द्वादशीचे ताट

आमच्या घरी आजोबांचे श्राद्ध पितृपक्षातील द्वादशीला होत असे. ती त्यांच्या मृत्यूची तिथी, असे मी आयुष्यभर धरून चाललो. तसे कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. अकोल्याच्या न्यायालयात हयात काढलेल्या माणसाला ही चूक शोभत नाही, म्हणून ती आधी नोंदवतो.

माझी थोरली बहीण अमरावतीला असते. गेल्या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरले. मी भेटायला गेलो तेव्हा तिने जुनाच विषय काढला. ती सहा वर्षांची असताना, आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी, आमच्या अकोल्याच्या घराच्या मागच्या दाराशी भगव्या वस्त्रातला एक म्हातारा येऊन बसला होता. आईने त्याला पानावर वाढले. त्याने पाणी मागितले तेव्हा ताईने आपला पितळी पेला पुढे केला. बारशाला आलेला, तिचे नाव कोरलेला. म्हातारा पेला घेऊन गेला. संध्याकाळी तिने वडिलांना सांगितले की तसबिरीतले आजोबा जेवून गेले. वडिलांनी तिला मारले. आई काही बोलली नाही. तेव्हापासून ताई घरात खोटारडी ठरली. माझा जन्म त्यानंतरचा. पण तिला चिडवण्यात मी कोणाच्या मागे राहिलो नाही.

“वकील झालास, पण माझी साक्ष कधी पुरती ऐकली नाहीस,” ताई म्हणाली. “त्यांना कुठे ठेवलंय तेवढं शोध. मग मी खोटी की खरी, ते सांग.”

“ठेवलंय म्हणजे? आपण माणसाला जाळतो, ताई.”

“शोध तर. आणि मला पुढची तारीख देऊ नकोस.”

आमच्या जुन्या उपाध्यायांचा नातू अकोल्यातच राहतो. त्याच्याकडे त्याच्या आजोबांची वही होती. कोणत्या घरी कोणते श्राद्ध केव्हा, याची. आमच्या घराच्या नोंदीपुढे द्वादशी होती. तिच्यापुढे एकच शब्द होता: यती.

“द्वादशी संन्याशांची असते, काका,” तो म्हणाला. “मरण कोणत्याही तिथीला येवो, महालय द्वादशीला. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

मला ठाऊक नव्हते. संन्याशाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, एवढे ठाऊक होते.

मागच्या एका पानावर बाकीचे मिळाले. माझ्या आजोबांना विषमज्वर झाला होता. आशा संपली तेव्हा त्यांनी आतुर संन्यास घेतला. म्हणजे मरणाच्या दारात घेतात तो. त्यात माणूस स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो आणि घर त्याला मेला असे धरते. आजीने कुंकू पुसले. त्याखाली उपाध्यायांनी लिहिले होते: चौथ्या दिवशी ताप उतरला.

वाचून मी वही मिटली.

घेतलेला संन्यास परत देता येत नाही. आजोबा बरे झाले आणि मेलेलेच राहिले. शेवटची नोंद बऱ्याच वर्षांनंतरची होती: समाधीस जाऊन आलो, हिवरखेड, माळ्याची बाग.

मी पितृपक्षापूर्वी हिवरखेडला गेलो. गावात बाबांची समाधी विचारली; एका दुकानदाराने मळ्याची वाट दाखवली. भर दुपार होती. झेंडूच्या वाफ्यांत कोणी दिसत नव्हते. विहिरीवरची मोटारही बंद होती. इतकी शांतता मी शेतात कधी अनुभवली नाही.

त्या शांततेत एका बाईने माझ्या बहिणीला हाक मारली.

ताईच्या माहेरच्या नावाने. लग्नात नाव बदलल्यावर ते नाव कोणी घेतले नव्हते. जुने, आता कोणी ठेवत नाही असे नाव आहे. हाक दोनदा आली.

वांग्यांच्या ओळींतून चाळिशीची एक बाई उभी राहिली आणि ओ देत गेली. कडुनिंबाखाली तिची आई बसली होती. ती म्हातारी मला न्याहाळत होती.

“बाबाच्या घरचे हाय ना तुमी?” ती म्हणाली. “नाक तेच हाय. लय वेळ लावला.”

“हे नाव कोणी ठेवलं?” मी विचारले.

“आमच्या घरात पयल्या पोरीचं हेच नाव. माह्या सासऱ्यानं ठरवलं. बाबाच्या पेल्यावर हाय ना.”

समाधी म्हणजे चुन्याने रंगवलेला गुडघाभर ओटा होता. त्यावर ताजी शेवंती आणि तो पेला. कोरलेली अक्षरे झिजली होती, पण मला चष्मा लागला नाही. मी मोबाइलवर छायाचित्र घेतले.

म्हातारीने सांगितले ते असे. सासऱ्याने बाबांना विहिरीजवळ खोपटी बांधून दिली होती. ते गेले तेव्हा त्यांना बसवून मिठात पुरले. जिवंतपणी ते वर्षातून एकदाच मळा सोडत.

“अकोल्याले जात. सासरा विचारे, काहून जाता बाबा? तर म्हनत, जेवाले. आज माहं श्राद्ध हाय.”

“आणि आता? त्या दिवशी तुम्ही इथे काय करता?”

“ताट ठेवतो. बाकी दिवशी ठेवा, कावळा लगेच येते. त्या दिवशी शिवत नाही. ताट तसंच राह्यते.” ती सहज बोलत होती. “बाबा इथं नसतेत ना त्या दिवशी.”

मी असल्या गोष्टी मानत नाही. मात्र आमच्या गच्चीवर द्वादशीच्या पिंडासाठी कावळ्याची कधी वाट पाहावी लागली नाही, हे मला नोंदवले पाहिजे. वडील दर वर्षी पान ठेवून वळत आणि मागे पंख वाजत. वडील मागे पाहत नसत.

मी हिवरखेडहून तसाच अमरावतीला गेलो. ताईने मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मारणारे गेले होते, गप्प राहणारी गेली होती. तिला खोटारडी म्हणणाऱ्यांपैकी मीच उरलो होतो.

“तू खरी होतीस,” मी म्हणालो. “चूक माझी.”

“आपल्या वडिलांना माहीत होतं,” ती म्हणाली. “नाहीतर इतकं मारलं नसतं.” मग मोबाइल परत देत, “यंदा ताट गच्चीवर नको. मागच्या दाराशी ठेव.”

अकोल्याचे ते घर पाडून त्या जागी इमारत झाली. मी तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहतो. सदनिकेला मागचे दार नाही. द्वादशीला मी ताट एकुलत्या एका दाराशी आत ठेवले, शेजारी पाण्याने भरलेला घरातला एक पेला. दार लोटले. कडी लावली नाही. मग भिंतीकडे तोंड करून बसलो.