सातव्या निशाणापाशी

दर्शनाताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये आठवडाभर लोकांचं रक्त काढते आणि रविवारी स्वतःचं आटवते. वय त्रेचाळीस, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. तिचा खेळ ओरिएंटियरिंग. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन पळायचं, ठरलेल्या क्रमाने निशाणं गाठायची आणि प्रत्येक निशाणाखालच्या डबीत बोटातली चिप घालायची. कुणाला वाट विचारली की बाद. मुंबईत पत्ता न विचारता फिरायचं हे मला तरी माणूसघाणेपणाचं वाटतं. पण मी तिच्याच लॅबमधला सहकारी, आम्ही गडहिंग्लजच्या शाळेत नकाशावर नुसत्या नद्या रंगवल्या, त्यामुळे शर्यतीत माझ्याकडे फक्त निशाणं बांधायचं काम.

त्या रविवारी तीन शर्यती होत्या. सकाळी दादर, दुपारी परळ, चारला लालबाग. तिन्ही पूर्ण करून चाळिशीपुढच्या बायकांत पहिल्या तिघींत आलं तरच राज्याच्या संघात जागा. गेली दोन वर्षं ताई चौथी येत होती.

दादर झकास गेलं. परळला उन्हाने घात केला. नकाशा उलटा धरून ती भलत्याच गेटात शिरली, सहा मिनिटं गेली. परत आली तेव्हा पोटऱ्यांत गोळे, ओठ पांढरे. मी म्हटलं, टॅक्सी करू, घरी जाऊ. "तू गप बस रे. मीठ-साखरेचं पाणी दे." बाटलीचं झाकण तिला उघडेना. ते मी उघडून दिलं, आणि हे कुणाला सांगायचं नाही असं तिने बजावलं. म्हणून इथे लिहितोय.

शर्यतीत एकेकीला सोडतात; लालबागला ती सगळ्यात शेवटी सुटली. मी शेवटच्या रेषेवर घड्याळ बघत बसलो. बाकीच्या आल्या, ताई नाही. पाच मिनिटं. आठ. सातवं निशाण मीच एका चाळीच्या जिन्याखाली बांधलं होतं. गाठ नीट मारली होती ना, ते आता आठवत बसलो.

ती आली. पळत नव्हती, चालतही नव्हती, मधलंच काहीतरी. चिप लावल्यावर मशीनने दाखवलं, सातवं निशाण राहिलं.

ती म्हणाली, जिना सापडला, दोनदा जाऊन बघितलं, निशाण नव्हतंच. मग खाली बसली आणि हळूच मला विचारलं, "की मी परत चुकले रे?"

स्पर्धेचे प्रमुख राजेश म्हणाले, निशाणच नसेल तर दर्शनाताईंची चूक नाही. पण त्या तिथवर गेल्या होत्या कशावरून?

आम्ही तिघं गेलो. ताई भिंतीला हात लावत. जिन्याखाली निशाण नाही, सुतळीही नाही. आमची कुजबुज ऐकून शेजारच्या खोलीतून काशीबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी बाहेर आल्या. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत निशाण, डबी, सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवलेली. "पोरा नेतीत म्हणान आत ठेवलंय," त्या म्हणाल्या. मी आभार मानणार, तेवढ्यात त्यांना ताई दिसली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही बाय दोनदा इली. काय शोधतंस गो, इचारलंय. पाणी देव काय, इचारलंय. एक शब्द नाय. मान वळवून गेली."

राजेशनी विचारलं, नक्की दोनदा?

"दोनदा. लंगडत."

त्यांनी कागदावर ते लिहून घेतलं. सातव्या निशाणाचा वेळ सगळ्यांचाच वगळून तिन्ही शर्यतींची बेरीज केली, परत केली. ताई जिन्याच्या पायरीवर बसून त्यांच्या पेनाकडे बघत होती. चाळीस सेकंदांच्या फरकाने ताई तिसरी.

ती काशीबाईंकडे वळून म्हणाली, "मावशी, आता देता पाणी?"

"आता तोंड फुटला तुका," म्हणत म्हातारी तांब्या आणायला आत गेली.