चिकपेटेत मोजलेला गोलंदाज

मिरजेहून निघताना आमचे हे म्हणाले होते, "बंगळूर सिटी शेवटचं स्टेशन, चुकायची सोयच नाही." मी चुकले. मल्लेश्वरमला फलाटावर शेवंतीच्या टोपल्या उतरत होत्या, त्या बघत बघत मीही उतरले आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मग ट्रंक घेऊन जटक्यातून (आपला टांगाच, पण खाली गवत अंथरलेलं) धक्के खात चिकपेटेत, अक्काच्या दारात. साठ सालानंतरचा हिवाळा तो. सकाळी नऊपर्यंत शाल सोडवत नव्हती.

अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, शिंपी. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळुरात, बोलणं निम्मं कानडी, पण मापांची वही अजून मराठीत. घर वर, दुकान खाली. तिसऱ्या दिवशी वही लिहिणारा माणूस तापानं पडला.

दाजी म्हणाले, "तू लिहितेस काय? अक्षर स्वल्प (थोडं) मोठं काढ, म्हणजे झालं."

मी शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत, बाकी सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली. मला आनंदच झाला. दुकानाची रीत त्यांनी सांगितली: गिऱ्हाईक जुनं असेल तर आधीचं माप मोठ्यानं वाचायचं, मग ते सांगतील ते नवं लिहायचं. त्यानं कापड वाया जात नाही.

त्याच सकाळी दारातला उजेड अडला. एक उंच, काळाभोर माणूस चौकटीखाली वाकून आत आला. हा एल्डन, वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरचा. कॅन्टोनमेंटकडच्या एका क्लबानं त्याला मागच्या वर्षीसारखाच यंदाही हंगामापुरता वेगवान गोलंदाज म्हणून पगारावर आणलेला. बरोबर क्लबचे सेक्रेटरी, गळ्यात टाय, दाजींशी कानडीत बोलणारे. पांढऱ्या पँटचं माप द्यायचं होतं.

खेळायचा पगार! मला काही राहवेना. अक्काची सुधा कॉलेजात जाते, तिला दुभाषी केलं आणि विचारत सुटले. वडील उसाच्या मळ्यात तोडीवर. पहिली बॅट नारळाच्या झावळीच्या देठाची. पुढे बेटाच्या संघात, मग वेस्ट इंडीजच्या संघात दोनदा. "मग माझ्याहून वेगानं टाकणारा पोरगा आला," तो हसून म्हणाला. तेव्हापासून उन्हाळाभर इंग्लंडात, कापडगिरण्यांच्या एका गावात. शनिवारी सामना, बाकीचे दिवस तिथल्या पोरांना शिकवायचं. थंडी पडली की इकडे.

"घरी कधी जातोस बाबा?"

"पाच वर्षांत दोनदा. आईला माझी बातमी पेपरात वाचून कळते."

"आणि लग्न?"

सुधा म्हणाली, "मावशी, हे मी विचारणार नाही हं!"

अक्का वरून मेणसिनकाई बज्जी (मिरचीची भजी) घेऊन आली. चार खाल्ली आणि म्हणतो कसा, आमच्याकडची मिरची याहून तिखट. अक्काचं तोंड पडलं.

मग माप सुरू झालं. वेगानं टाकणाऱ्याची पँट मांडीत उसवते, म्हणून दाजी दोन्ही मांड्या वेगळ्या मोजत. ते गुडघ्यावर बसले. मी रीतीप्रमाणे मागच्या वर्षीचं माप वाचलं, "डावी मांडी, चोवीस."

दाजींनी टेप बघितली. पुन्हा लावली. हळूच म्हणाले, "साडेबावीस."

आता गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ! "अगोबाई, दीड इंच गेला? उजवी आहे तेवढीच आहे की! पाय दुखतोय का याचा?"

"काय म्हणालात बाई?" सेक्रेटरींनी विचारलं, ते चक्क मराठीत. माणूस बेळगावकडचा निघाला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डावा पाय म्हणजे चेंडू टाकताना सगळं अंग ज्याच्यावर आदळतं तो. आणि पुढच्या वर्षी याला बोलवायचं की नाही, ते रविवारच्या सामन्यावर ठरायचं होतं.

दाजी उठले. चाळीस वर्षं ज्यांच्या टेपेकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, ते म्हणाले, "मागचं माप माझंच चुकलं, सर."

सुधानं हे एल्डनला सांगितलं असावं. कारण त्यानं मान हलवली आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. सुधा अडखळत सांगू लागली, "तो म्हणतोय, मास्तरांची टेप बरोबर आहे. गुडघा इंग्लंडात गेला, हंगामाच्या शेवटी. मी लपवलं."

सेक्रेटरी "सरी" (बरं) एवढंच म्हणून निघून गेले. दोन रात्री मला घास गेला नाही.

रविवारी आम्ही मैदानावर गेलो. मध्ये खेळपट्टी म्हणून काथ्याची चटई ताणून ठोकलेली. एल्डन चेंडू घेऊन उभा राहिला, पण पळतच आला नाही. चार पावलं, आणि हळू चेंडू. पहिल्याच षटकात तीन चौकार. मागून कुणी ओरडलं, "ओडप्पा, ओडु!" (पळ रे, पळ!) लोक फिदीफिदी हसले. त्यानं टोपी नीट केली आणि पुन्हा चारच पावलं. असं कितीतरी वेळ. मग चटईवर पडून एक चेंडू असा वळला, की फलंदाज वळून आपल्या स्टंपांकडे बघतच राहिला. थोड्या वेळानं दुसरा. जेवायच्या सुट्टीपर्यंत चौघे गेले.

सेक्रेटरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांच्याकडे बघायची माझी छाती होईना. तेच म्हणाले, "बाई, तुम्ही माझा वेगवान गोलंदाज घालवलात."

"चुकलं माझं."

"आता हा कोण आलाय, ते मला अजून कळलं नाही. पुढच्या वर्षी बोलावून बघावं लागेल."

संध्याकाळी एल्डन दाजींना म्हणाला, आता इंग्लंडातल्या क्लबालाही पत्रानं गुडघ्याचं कळवतो. ते काय म्हणतील कुणास ठाऊक.

आठवड्यानं मी परतले. मिरजेच्या स्टेशनावर ह्यांनी ट्रंक उचलली. "काय बघितलंस बंगळुरात?"

मी म्हटलं, "एक माणूस बघितला. येत होतं ते काम सुटलं म्हणून भर मैदानात, लोकांचं हसणं ऐकत, दुसरं शिकला."

"आणि फुलांची ती लालबाग?"

"ती राहिली," मी म्हटलं.