दहातले तीन

आमच्या शुक्रवारच्या क्रिकेटमध्ये सगळ्यात वरची सरासरी भाऊची होती, आणि त्यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती. भाऊ माझा सख्खा नव्हे. तो राजापूरकडचा, माझ्याहून बराच मोठा. तिकडे आखातात, हवल्लीत आम्ही एकाच खोलीत राहायचो. शुवैख बंदरात तो क्रेन चालवायचा आणि मी खाली उभा राहून हातानं खुणा करायचो: वर घे, खाली सोड, थांब. टनावारी माल माझ्या डोक्याशेजारून जायचा, पण वर भाऊ आहे म्हटल्यावर मी निर्धास्त असायचो.

आखाती युद्ध होऊन काही वर्षं झाली होती. आमच्या यार्डात एक अमेरिकन साहेब आला, त्याला बेसबॉलचं भारी वेड. चहाच्या सुट्टीत तो सांगायचा की त्यांच्या खेळात दहातले तीन नीट लागले तरी माणूस नावाजला जातो. सबंध इतिहासात ज्याची सरासरी सगळ्यात वरची, त्याचेसुद्धा अख्ख्या कारकिर्दीत दहातले चार भरत नाहीत. मला हसूच आलं. म्हटलं, मग आमचा अकरावा गडीही तिकडे देव झाला असता! भाऊ मात्र हसला नाही. सगळ्यात मोठा माणूससुद्धा का, असं त्यानं साहेबाला दोनदा विचारलं.

त्या हिवाळ्यात भाऊची बॅट बिघडली. साधे, सरळ चेंडू चुकायला लागले. बाद होऊन आला की तोंडात एकच, दहातले तीन लागले तरी पुष्कळ. ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. मी यष्टिरक्षक, त्याच्या पाठीशी बसणारा. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की चेंडू यायच्या आधी हा सगळी मान वळवतो आणि एकट्या उजव्या डोळ्यानं बघतो.

खोलीवर भात शिजत असताना मी त्याला धरलंच. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. साखरेनं डावा डोळा खाल्ला होता, उजव्यालाही धूसर दिसू लागलं होतं. कंपनीच्या तपासणीत त्यानं अक्षरांचा तक्ता पाठ म्हणून दाखवला होता. मी तोंडाला येईल ते बोललो. वयाचा मान वगैरे त्या वेळी कुठला आठवतोय!

"गावी गेलो की मी आजारी माणूस," तो म्हणाला. "इथं मी ऑपरेटर आहे." आणि परत ते साहेबाचं दहातले तीन सुरू केलं.

"क्रेनला दहातले दहा लागतात, भाऊ," मी म्हटलं.

साहेबाला सांगतो, थोडे दिवस दे, असं त्यानं कबूल केलं. मी दिले. पण त्या आठवड्यात माल हलायला लागला की माझे पाय आपोआप मागे सरायचे. वरून ते त्याला दिसलं की नाही, देव जाणे.

पुढच्या शुक्रवारी तो खेळायला उतरला. मी विरुद्ध संघात होतो. मी कुणाकडे काही बोललो नव्हतो, तरी एव्हाना पोरांना कळायचं ते कळलंच होतं. गोलंदाजानं मुद्दाम हळू टाकलेला चेंडू बॅटची कड घेऊन थेट माझ्या हातात आला. आवाज सगळ्या मैदानानं ऐकला असेल. कुणी अपील केलं नाही. गोलंदाज खाली बघत मागे वळला, अंपायर दुसरीकडेच बघत राहिला. भाऊची सरासरी राखायला आम्ही सगळे एक झालो होतो.

भाऊ माझ्याकडे वळला.

"लागला ना?"

"नाय."

"मग उद्या क्रेनीखाली उभा ऱ्हाशील?"

मी चेंडू गोलंदाजाकडे फेकून दिला. त्यानं बॅट काखेत मारली आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या तो साहेबाच्या केबिनमध्ये शिरला. केबिनच्या काचेतून त्याची पाठ तेवढी मला दिसत होती. क्रेनवर एक केरळी पोरगा चढला, पहिली पेटी उचलली गेली, आणि माझ्या जिवाला हायसं वाटलं. भाऊ आत नोकरी सोडत होता आणि मला हायसं वाटत होतं.