डावखुरा हिरो

रविवारी दुपारी नौपाड्यात शिल्पाकडे जमलेलो. शिल्पा, मंदार आणि मी, कॉलेजपासूनचं त्रिकूट. वर्षातून एकदा तरी आमचा हा कार्यक्रम होतोच... मिसळ, चहा आणि ‘ऑल टाइम फेव्हरेट पिक्चर कोणता’ यावर भांडण.

मंदार यंदाही फोनमध्ये यादी टाइप करून आलेला. दरवर्षी त्याचा एक नंबरचा पिक्चर बदलतो, आणि दरवर्षी तो तितक्याच ठामपणे बोलतो. शिल्पाला तर सगळेच पिक्चर आवडतात, त्यामुळे तिचं मत आम्ही फारसं धरत नाही.

माझा मात्र एकच. भाऊबहिणीचा जुना हिंदी पिक्चर. नाव मुद्दाम सांगत नाहीये, कमेंटमध्ये परत तोच वाद नको... रविवारी पुष्कळ झालाय.

त्यात शेवटी हिरो रुसलेल्या बहिणीला घास भरवतो. डाव्या हाताने. पिक्चरभर तो सगळं डाव्या हातानेच करतो आणि त्याला कुणी एका शब्दाने बोलत नाही.

मी स्वतः डावखुरी. लहानपणी जेवताना डावा हात ताटात गेला की आईची चापटी बसायची, ‘उजवा’ एवढंच म्हणायची ती. त्यामुळे पडद्यावरचा तो माणूस मला किती आपला वाटला असेल, ते डावखुऱ्यांनाच कळेल.

हे सगळं मी दरवर्षी सांगते आणि दोघं निमूट ऐकतात. यंदा मंदारला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. म्हणाला, “डाव्या हाताने घास कोण भरवेल गं? थांब, बघूच.” आणि फोनवर शेवटचा सीन लावला.

हिरोने घास भरवला... उजव्या हाताने.

मी म्हटलं, मागे घे. त्याने मागे घेतलं. हिरो पत्र लिहीत होता, उजव्या हाताने. आणखी मागे... भाकरी मोडत होता, तीही उजव्याच हाताने.

“तू हा पिक्चर पाहिलेलाच नाहीस,” मंदार म्हणाला. “कुणाकडून तरी ऐकलायस.” शिल्पा नुसता चहा ओतत राहिली. तिने माझी बाजू घेतली नाही, ते मला जास्त लागलं.

खरं सांगते, मला तिथेच रडू येणार होतं. पन्नाशी उलटलेली बाई, पिक्चरवरून रडते, शोभतं का? पण माझ्या लहानपणातलं एवढं एकच मला लख्ख आठवतं असं मी समजत होते. तो पिक्चर पाहिला त्याच वर्षी बाबा गेले, त्यांचा चेहरासुद्धा फोटो बघून आठवावा लागतो. आता हेही मनचंच निघालं तर माझ्याकडे राहिलं काय?

तो पिक्चर मी परत कधी पाहिला नव्हता. टीव्हीवर लागला की चॅनल बदलायचे... मनातलं बिघडू नये म्हणून.

डबा भरून दिलेली मिसळसुद्धा तिथेच विसरले आणि रिक्षा करून कळव्याला घरी आले. आई मेथी निवडत बसलेली. ऐंशीला आलीये, माझ्याकडेच असते, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मी धुसफुसत सगळं सांगितलं आणि विचारलं, आई, आपण डोंबिवलीला चाळीच्या गणपतीत पाहिलेला ना गं तो?

“पाहिलेला की. पडद्याच्या मागून.”

मागून म्हणजे, मी विचारलं.

तेव्हा चाळीच्या पटांगणात पांढरा कपडा बांधून पिक्चर दाखवायचे. पुढे सगळी चाळ, सतरंज्या घालून. “तुझे बाबा जाऊन चार महिने झालेले,” आई म्हणाली. “मी पुढे जाऊन बसले असते तर दुसऱ्या दिवशी नळावर तोच विषय झाला असता. आणि तू तर सकाळपासून पिक्चर पिक्चर करत होतीस. मग मागच्या भिंतीकडे पोतं टाकून बसलो दोघी.”

म्हणजे तो डावखुरा नव्हताच?

“कुठला डावखुरा. मागून सगळं उलटं दिसतं. दुकानांच्या पाट्यासुद्धा उलट्या होत्या. तू बालवाडीत, तुला कुठे वाचता येत होतं.”

माझा नेहमीचा स्वभाव, लगेच भांडायला उठले. तुला माहीत होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंस? एवढी वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत फिरले मी...

आई मेथीची काडी मोडता मोडता थांबली. “सांगणारच होते,” म्हणाली. “पण तू माझा पदर ओढलास आणि म्हणालीस, आई, हा पण डाव्या हाताने जेवतो. आणि याला त्याची आई मारत नाही... मग काय सांगू?”

आणि परत मेथी निवडायला लागली.

मला एकदम आठवलं. त्या गणपतीनंतर चापटी बसलेली मला आठवतच नाही. मी समजत होते, मोठी झाले म्हणून बंद झाली असेल. पाच वर्षांची होते मी, कसली मोठी. आत्या यायची तेव्हा ती टोकायची, तर आईच म्हणायची, “असू दे हो, तिला तसंच जमतं.”

आईला जवळ घेतलं तर म्हणाली, “मेथी सांडेल.” मग मात्र मी पोटभर रडून घेतलं.

मंदारला मेसेज टाकलाय. पिक्चर पाहिलेला आहे, मागून पाहिलाय, आणि एक नंबर तोच राहणार. त्याने हात जोडल्याचे तीन इमोजी पाठवले. शिल्पाने लिहिलं, मिसळ फ्रीजमध्ये ठेवलीये, काकूंना घेऊन ये.

आई, तू तेव्हा पुढे बसली असतीस, तर मी आज उजव्या हाताने जेवत असते.