झिजलेल्या नाकाची राणी

आव मुमिन यांच्या, म्हणजे मुमिनबाबांच्या, दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. आपल्याकडचं नाणं जगात एकमेव आहे अशी खात्री असलेली, आणि आव मुमिन यांच्याकडची सगळी नाणी खोटी आहेत अशी खात्री असलेली. दोघांनाही ते सारख्याच अदबीने बसायला उशी देतात, कॉफीच्या सालींचा दुधाळ, खारट होजा पाजतात, आणि मग एका वाक्यात दोघांचीही खात्री काढून घेतात.

दुकान आमच्या हरर गावच्या जुन्या तटाच्या आत, शिंप्यांच्या गल्लीत आहे. दोन्ही बाजूंना शिवणयंत्रं दिवसभर गिरगिरत असतात, त्यामुळे इथे घासाघीस करायची तर ओरडूनच करावी लागते. आव मुमिन ओरडत नाहीत. गिऱ्हाईक दमेपर्यंत थांबतात. मी तिथे रोज जाऊन बसतो. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घेणारी दुसरी जागा गावात नाही.

बहुतेक व्यवहार राणीच्या नाण्यांचा. परमुलुखातली ती भरल्या अंगाची राणी, खांद्यावर मोत्यांची पिन, नाण्याच्या मागच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. राणी १७८० साली वारली. पण आमच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्या कुठल्याही चेहऱ्यावर विश्वास टाकायला नकार दिल्यामुळे पुढची दीड-दोनशे वर्षं तिकडच्या टांकसाळीला तेच साल घालून नाणी पाडत राहावं लागलं. पिनेवरचे मोती मोजून घ्यायचे, पुरे नऊ भरले की नाणं चांगलं. मग चांदीच्या कडीत ओवून ते गळ्यात घालायचं आणि नातीच्या लग्नापर्यंत काढायचं नाही.

शेजारच्या दिरे दावा शहरातून एक तरुण आला होता. नाणं रुमालात, रुमाल डबीत, डबी पोटाशी.

"आव, अडीचशे वर्षं जुनं आहे. साल वाचा!"

"वाचलं, बाळा. या सालची माझ्याकडे एकोणचाळीस आहेत. त्या वर्षी बाईंनी दुसरं काही काम केलेलं दिसत नाही."

खेड्यातल्या बायका विकायला आणायच्या आधी नाणं लिंबू-राखेने लखलखीत घासतात. आव मुमिन ते हातात घेऊन उसासा टाकतात. "आंघोळ घालून आणलीत होय हिला? लग्नाला न्यायची होती अशी. माझ्याकडे मळकीच बरी."

नाण्याच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. एकदा खुद्द इमामसाहेबांनी जपून ठेवलेलं नाणं दाखवायला आणलं. आव मुमिन यांनी ते फरशीवर टाकलं, आवाज ऐकला, आणि नम्रपणे म्हणाले, "शिसं आहे." पुढचे चार शुक्रवार प्रवचनाचा विषय होता अहंकार. आव मुमिन पहिल्या रांगेत बसून मनापासून मान डोलावत होते.

अशा माणसाने गेल्या वर्षी माझ्यादेखत एक थाप मारली.

आय रमला टोपल्या विणते. वय पंचाहत्तर, नजर अधू. पण बोटं अशी की टोपली पाठीमागे धरून एक टाका चुकलेला सांगेल. आठ वर्षांपूर्वी पावसाने तिच्या घराची भिंत बसली, तेव्हा तिने आपल्या आईचं नाणं आव मुमिन यांना विकलं. विकलं खरं, पण ते तिच्याशिवाय कुणाला देणार नाही असा शब्द त्यांनी दिला. असा शब्द दिलेल्या नाण्याच्या कडीला ते लाल दोरा बांधतात. लाल दोरा दिसला की गिऱ्हाइकाने कितीही ओरडावं, नाणं मिळायचं नाही.

त्या नाण्यावरच्या राणीला नाक नव्हतं. रमलाच्या आईला सवय होती, काळजी लागली की नाणं मुठीत धरून अंगठ्याने राणीचं नाक चोळायची. नवरा उंट घेऊन जिबुतीला निघाला, अंगठा नाकावर. पोर तापलं, अंगठा नाकावर. चाळीस वर्षांत राणीच्या चेहऱ्याचा मधला भाग केळ्यासारखा गुळगुळीत झाला.

आय रमला आली, समोर बसली, पदराची गाठ सोडली. "माझ्या नातीचं, सुमेयाचं लग्न ठरलंय, रमजानच्या आधी. नवरीच्या माळेत मधलं नाणं आईकडच्या आजीकडून येतं, तुम्हाला सांगायला नको. काढा माझ्या आईला."

आव मुमिन यांनी होजाचा पेला उचलला. रिकामा होता. तरी प्यायले.

"आत पेटीत खोल ठेवलंय," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी घेऊन जा. सुमेयालाही आणा."

ती गेल्यावर मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"बघू नका असं, मास्तर. शाळेत असल्यासारखं वाटतं."

मग हळूहळू बाहेर आलं. त्याच्या दोन वर्षं आधी, ईदच्या आदल्या आठवड्यात, त्यांच्या बायकोने, खेरियाने, नवऱ्याला खूश करावं म्हणून पेटीतली सगळी नाणी काढून लिंबू-राखेने घासली. चाळीस वर्षं नाण्यांच्या व्यापाऱ्याशी संसार केलेली बाई! कळकट झालेले लाल दोरे कापून टाकले. ईदला घाण कशाला. आव मुमिन यांचा चष्मा नेमका त्याच आठवड्यात दिरे दावाला दुरुस्तीला गेलेला. ते दोऱ्यावर विसंबले. दोरा नाही म्हणजे विकाऊ. एक उंच जर्मन, अर्ध्या विजारीतला, एक नाणं बोटात धरून म्हणाला की हिचं नाक गेलंय, किंमत कमी करा. फरंजी, म्हणजे गोरे परके लोक, काहीतरी म्हणतातच, असं समजून यांनी कमी केली.

"सूट दिली मी, मास्तर," आव मुमिन म्हणाले. "तिच्या आईच्या चाळीस वर्षांच्या काळजीबद्दल सूट."

चष्मा परत आल्यावर त्यांनी पेटी उलथीपालथी केली होती. रमलाला सांगायला ते तीनदा निघाले होते आणि तीनदा कोपऱ्यावरून हलवा घेऊन परतले होते. खेरियाला तेव्हा वाटलं होतं की म्हातारा लाडात आलाय.

रमला येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुसरंच एक नाणं मुठीत धरलं आणि राणीचं नाक चोळायला सुरुवात केली.

गिऱ्हाईक समोर असो वा नसो, अंगठा चालूच. शेजारचा शिंपी बदरी यंत्र थांबवून विचारायचा, "आव, बाईंना सर्दी झालीय का?" कुणी भाव विचारला की ते दुसऱ्या हाताने नाणी दाखवत. दुपारी पुरुष चातची पानं चघळायला बसले की तेच नाणं खेरियाकडे जाई. ती पडद्याआड बसून चोळी आणि मधेमधे नाक ओढी, स्वतःचं.

मी सुचवलं की सोनाराकडची कानस घ्या, एका मिनिटाचं काम.

"कानशीला कसली काळजी असते?" ते म्हणाले.

मी इतिहासाचा माणूस. मला हिशेब दिसत होता. चाळीस वर्षांचं काम दोन महिन्यांत होत नाही. झिजला तो अंगठा. राणीच्या नाकाला जरा चकाकी आली, शेंडा किंचित बोथट झाला, इतकंच. ती अजून ताठच होती.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा आय रमला नातीचा दंड धरून आली. सुमेया वीस-एकवीसची, बँकेत नोकरीला, हातावर मेंदी ओली म्हणून दोन्ही पंजे हवेत. आव मुमिन यांनी होजा मागवला. कुणी प्यायलं नाही. पडद्यामागे खेरियाची पावलं दिसत होती.

त्यांनी नाणं रमलाच्या तळहातावर ठेवलं. तिने ते पाहिलंच नाही. डोळे मिटले आणि बोटं कडीवरून आत नेली, मुकुटावरून कपाळावर, कपाळावरून खाली. तिथे थांबली. शेजारचं यंत्रही थांबलं होतं. बदरीला दोरा संपायला हीच वेळ सापडली.

एक शब्द पुरे होता. "हेच" म्हटलं असतं तर म्हातारीने मानलं असतं किंवा मानल्यासारखं केलं असतं.

"आय रमला, हे तुमचं नव्हे," आव मुमिन म्हणाले. आणि सगळं सांगितलं: चष्मा, दोरा, जर्मन, सूट, हलवा. लिंबू-राखेचं मात्र "घरात साफसफाई झाली" एवढंच. तेवढ्यात पडदा सरकला आणि खेरिया म्हणाली, "साफसफाई कसली, मी घासली. माझं नाव घ्यायला जीभ झडते का यांची!"

रमला म्हणाली, "कळलं होतं मला. माझ्या आईच्या राणीला नाकच नव्हतं. हिला अजून कॉफीचा वास घेता येत असेल." बोट पुन्हा शेंड्यावरून फिरलं. "पण इथे कुणीतरी हात लावलाय. कोण चोळत होतं?"

"मी."

"किती दिवस?"

"पंचावन्न."

"आणि दुपारी मी," खेरिया म्हणाली.

"काय म्हणत होतात चोळताना? माझी आई पुटपुटायची."

आव मुमिन आपल्या अंगठ्याकडे बघत होते. "पोरीचं सगळं नीट होऊ दे, म्हणत होतो. आणि रमलाला कळू नये."

"आईही तेच म्हणायची," आय रमला म्हणाली. "पहिलं तेवढं. दुसरं तुमचं." तिने नाणं मुठीत घेतलं, आणि मूठ उघडली नाही. डोळे पुसायला दुसरा हात वापरला. "दोन वर्षं माझ्या कोपऱ्यावरून हलवा घेऊन परत जात होतात होय! एकदा आत तरी यायचं. भांडले असते, हलवाही खाल्ला असता."

"पेटीतली आणखी बघता का? यापेक्षा जुनी आहेत."

"सगळी एकाच सालची, आणि जुनी म्हणे! हेच द्या. एवढी काळजी केलेलं दुसरं कुठे मिळायचं?" मग नातीकडे तोंड करून, "उरलेलं नाक ही झिजवेल. नवरा जिबुतीच्या रस्त्यावर ट्रक चालवतो."

"आजी!" सुमेया म्हणाली. तिचे मेंदीचे हात अजून हवेत होते, म्हणून खेरियानेच ते नाणं तिच्या गळ्याशी धरून पाहिलं.

पैशांवरून मग यथासांग भांडण झालं. आव मुमिन घेईनात, रमला ठेवल्याशिवाय उठेना. शेवटी जर्मनाला दिली होती तेवढी सूट तिने मागून घेतली आणि बाकीचे उशीखाली सारले.

निघताना सुमेया उंबऱ्यात थांबली. "आव, पणजीचं ते नाणं आता कुठे असेल?"

"जर्मनीत."

"तिथे कुणी चोळत असेल का ते?"

"नाही, पोरी. तिथे काचेत ठेवतात." सवयीने खरं बोलून झाल्यावर ते थोडे घुटमळले. "तशी मला काय माहिती? त्याला घरी कोण आहे, मी विचारलं नाही."

तेव्हापासून फरंजी गिऱ्हाईक आलं की आव मुमिन नाण्याचा भाव सांगण्याआधी त्याला मुलंबाळं किती, आणि त्यातलं घरापासून लांब कोण, ते विचारतात. काही जण उठून जातात. बसून राहतात त्यांचा होजा बोलता बोलता गार होतो.