कंसातलं नाव

"कशावरून?"

हा त्यांचा नमस्कारच होता म्हणा ना. सकाळी बसस्टॉपवर मी "आज ऊन पडणार म्हणे" असं म्हटलं की काका आभाळाकडे न बघता माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "कशावरून?" रेडिओवर सांगितलं म्हटलं, तर रेडिओवाल्याला कशावरून. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. माझा इंग्लंडात, लेस्टरमध्ये, माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहत होता.

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच आले होते आणि इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात काम करत होते. काका माझ्या जन्माआधीच इथे आलेले. मोज्यांच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करता करता रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगी बर्मिंगहॅमला. त्यांच्या दाराला दोन साखळ्या होत्या. मी बेल वाजवली की खिडकीतून मला नीट बघून घ्यायचे आणि मग विचारायचे, "कोण आहे?" मला संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायची.

त्यांच्या पुढच्या खोलीत जुन्या, जड, काळ्या तबकड्या होत्या. जॅझ नवंनवं होतं तेव्हाची इंग्रजी नाचाची गाणी. आपण तबकडीवर गाण्याचं नाव वाचतो, फार तर बँडचं. काका भिंग घेऊन त्याखालचा कंस वाचायचे. कंसात बारीक अक्षरांत गाणं रचणाऱ्यांची नावं असतात. काकांना त्यातलं एकच नाव हवं असे, एका गीतकाराचं. लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात त्या कार बूट सेलला ते दर रविवारी जात आणि ते नाव कंसात दिसलं की तबकडी घरी आणत. शेल्फच्या शेल्फ भरला होता.

त्या गीतकाराचं त्यांना कौतुक होतं असं मात्र समजू नका. त्यांचा त्याच्यावर संशय होता.

"हा गृहस्थ आपल्याकडे राहून गेलाय," ते एकदा म्हणाले.

"कशावरून?" मी संधी सोडली नाही.

"उंटांवर गाणं लिहिलंय. देवळातल्या घंटेवर लिहिलंय. एकात चहाच्या मळ्यातली पोरगी आहे."

"काका, त्या काळी सगळेच लिहायचे तसं. लंडनमध्ये घरी बसून. आणि आपल्याकडे कुठे आलेत उंट?"

"तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणून त्यांनी भिंग पुसायला घेतलं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी नवीन मराठी माणूस दिसला की काका त्याला चहाला बोलवायचे. एरवी शेजाऱ्याला उंबरठा न ओलांडू देणारा हा माणूस परक्यांना घरी का नेतो, याचा मला अचंबा वाटे. मलाही बोलावणं आलं तेव्हा वाटलं, आता हे नक्की विमा विकणार. पण त्यांनी चहा दिला, एक तबकडी लावली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले.

"नीट ऐका."

"काय ऐकू?"

"ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्हाला तेच ऐकू येईल."

गाणं गाडी चुकलेल्या माणसाचं होतं. एक बाई गात होती. तिचं नाव तबकडीवर नव्हतं. अशा तबकड्यांवर गाणाऱ्याचं नाव बरेचदा नसेच. गाणं संपलं.

"काय ऐकलंत?"

"त्याची गाडी चुकली."

"आणखी?"

"बँड छान आहे."

"तुम्ही नक्की मराठी ना?"

मी कप तसाच ठेवून उठले आणि घरी आले. पुण्याच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे काय!

पुढच्या रविवारी काकाच माझ्या दारात. माफी वगैरे काही नाही. आत आले, कोट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ही म्हणायची, त्या गाण्यात 'ये ना घरी' आहे."

'ही' म्हणजे त्यांची बायको. काका संध्याकाळी कारखान्यातून आले की तबकडी लावायचे, आणि ती जागा आली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, ऐकलंत का? बाई म्हणतेय, ये ना घरी." हे म्हणायचे, "अगं वेडे, इंग्रजी गाणं आहे ते." वर्षानुवर्षं त्यांची ही एवढी एक गंमत होती.

"पहिल्या थंडीत ती मला म्हणाली होती, साताऱ्याला परत जाऊ या. मी म्हटलं, थांब जरा, बस्तान बसू दे. पुन्हा सरळ शब्दांत तिनं कधी विषय काढला नाही." काका माझ्या टेबलावरचं मिठाचं भांडं इकडून तिकडे सरकवत होते. "ती गेल्यावर माझ्या मनात आलं. तिला खरंच तसं ऐकू येत होतं, की ती मला सांगत होती?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

"इंग्रजी बेताचं होतं तिचं. त्या गीतकारानं शब्द आपल्याकडून उचलले असतील, किंवा गाण्यातच काही तसं वाजत असेल, तर मी सुटलो. नाहीतर..."

नाहीतर काय ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून तर ते शेल्फभर गीतकार गोळा करत होते, आणि म्हणून मराठी कान घरी बोलावून त्यांची परीक्षा घेत होते.

काही महिन्यांनी त्यांना त्या गाण्याची छापील प्रत टपालाने मिळाली. पाकीट माझ्यासमोरच उघडलं. आधी उलटसुलट करून ते कोणी फोडलं नव्हतं ना, हे पाहिलं. पानावर सगळे शब्द होते. 'ये ना घरी' कुठेच नव्हतं. त्या जागी होतं, 'इन अ हरी'. तो बिचारा घाईत होता, म्हणून त्याची गाडी चुकली.

काकांनी बोट ठेवून ते मोठ्याने वाचलं. मग भराभर वाचलं. "इन अ हरी. इनाहरी. येनाहरी. येनाघरी." त्यांचा चेहरा उजळत गेला. "येतं ना तसं ऐकू? इंग्रजी बेताचं असलेल्या बाईला?"

"येतं," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. आम्ही तबकडी लावली तर आता मलाही 'ये ना घरी'खेरीज काही ऐकू येईना.

"मग संशयाचा फायदा आरोपीला," काका म्हणाले आणि हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. इतके दिवस मला 'अहो, तुम्ही' करणारा हा माणूस म्हणाला, "अगं, बस ना, शिरा करतो." शिऱ्यात गुठळ्या होत्या, पण मी दोनदा मागून घेतला.

त्यानंतर त्यांचं रविवारी बाजारात जाणं थांबलं. पुढच्या वसंतात झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं, इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

घर आवरायला मुलगी आली, तेव्हा मी मदतीला गेले. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी जरा धडपडत चाले. तबकड्या खोक्यात भरता भरता ती थांबली.

"ओह, हा गाणं! आईची फेव्हरिट. वॉशिंग-अप करताना पूर्ण म्हणायची."

"कसं म्हणायच्या? इंग्रजी शब्दांत?"

"ऑफ कोर्स! आईचा इंग्लिश बाबांपेक्षा खूप चांगला होता. ती कम्युनिटी सेंटरमध्ये शिकवायची ना, इंडियाहून नवीन आलेल्या बायकांना. बाबाच तिला गाडीतून सोडायचे."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. म्हणजे काकांना सगळं ठाऊक होतं. जगातल्या प्रत्येकाकडे पुरावा मागणाऱ्या या माणसाने तेवढी एक गोष्ट मला, आणि बहुधा स्वतःलाही, बिनपुराव्याची खपवली होती. मला त्यांचा राग आला नाही. त्या बाईचा मात्र विचार करत राहिले. इतकी वर्षं रोज गमतीत सांगत राहायचं, आणि रोज हसून टाळलं जायचं.

"वन लास्ट टाइम?" असं म्हणत मुलीने तबकडी लावली आणि खोकी चिकटपट्टीने बंद करत ती गाण्याबरोबर गुणगुणू लागली. आईकडून उचललेला प्रत्येक शब्द स्वच्छ होता. ती जागा आली. मी सगळा जीव कानात आणला, पण मला इंग्रजीच ऐकू आलं.