चौथी नळी

धिरड्यांचा तवा तापला का, हे पाहायला मुलगी त्यावर पाणी शिंपडते. तवा चर्र करतो आणि मी चाळीसेक वर्षं मागे, धडगावच्या घाटात जातो.

कळा सुरू झालेल्या बायकोला मी, गावच्या शाळेचा मास्तर, मालाच्या एका जुन्या पेट्रोल लॉरीतून शहाद्याच्या दवाखान्यात नेत होतो. चढावर इंजिन फटफटू लागलं, मग त्याचा दमच गेला. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या एका सरकारी अंमलदारांनी टोपी सावरून निदान केलं, "वजन जास्त आहे. बाईंना उतरवा."

"वजन नई साहेब, येक प्लग मरेल शे," ड्रायव्हर दगाभाऊ म्हणाला. बॉनेट उघडून तो धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांवर पाळीपाळीने थुंकला. तीन चरचरल्या. चौथी थंड, गप्प; तिच्या प्लगला ठिणगीच पडत नव्हती.

"हाई शे! मास्तर, वहिनीना केसना आकडा द्या."

बायकोने कण्हतच अंबाड्यातला आकडा काढून दिला. त्या आकड्याने दगाभाऊने प्लगची काजळी खरवडली. लॉरी चढ चढली, तेव्हा साहेबांनी मान डोलावली, जणू त्यांच्याच हुकमाने ती चढली होती.

त्या थुंकण्याची तेव्हा मला किळस आली होती. आता ती चरचर कानाला गोड लागते. त्या संध्याकाळी दवाखान्यात सुखरूप जन्मलेली माझी मुलगी तव्यावर पीठ ओतते.